पाखरांचा दाणा आणि आपली कणगी

खळे उरकले, धान्य घरात आले, की चार भरलेली कणसे निवडून ती ओसरीच्या तुळईला नाही तर देवळाच्या मंडपात टांगायची, ही आपल्या खेड्यांची जुनी रीत आहे. ती कणसे चिमण्यांची. भाताच्या मुलखात लोंब्यांचे तोरण करतात. आपल्या कन्नड, वैजापूर, गंगापूरच्या पट्ट्यात बाजरी-ज्वारीच्या कणसांची जुडी बांधतात. आता देवगाव रंगारीसारख्या गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारून पाहा, "बाबा, पाखरांचा दाणा तुम्ही ठेवत कुठं होता?" तो हसेल. म्हणेल, "वेगळा कशाला ठेवायचा? जिथं आपला, तिथंच त्यांचा."

हे उत्तर साधे दिसते, पण आम्हा इतिहासाच्या मास्तरांना ते थांबवून धरते. कारण आज पाखरांचा दाणा वेगळा झाला आहे. घरात खाण्याजोगे राहिले नाही, सोंडे लागले, कुबट वास आला, बुरशी धरली, की आपण म्हणतो, "फेकू नका, पाखरांना टाका." यात पुण्य आहे असे आपल्याला वाटते. हे पुण्य पाखराला किती महाग पडते ते पुढे सांगतो. आधी जुन्या काळी हा हिशेब कसा होता ते पाहू.

कौटिल्याचे अर्थशास्त्र आपण राजकारणाचा ग्रंथ म्हणून ओळखतो. शतकानुशतके त्याचे नावच तेवढे माहीत होते. १९०५ साली म्हैसूरच्या ग्रंथालयात त्याची पोथी श्यामशास्त्रींच्या हाती लागली आणि १९०९ मध्ये ती छापली गेली. त्यात कोठारावरच्या अधिकाऱ्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. शिक्षक मंडळींनी ते जरूर काढून वाचावे, आपल्या घरचेच पुस्तक वाचतो आहोत असे वाटेल. कोणते धान्य कांडल्यावर किती उरते, भिजवल्यावर किती फुगते, कोंडा कुणाला द्यायचा, कणी कुणाला द्यायची, सारे मापासकट लिहिले आहे. माणसांचा शिधा झाला की जनावरांचा. कुत्र्याला एक प्रस्थ भात. आणि त्याच्या लगेच खाली हंस, क्रौंच आणि मोर यांना अर्धा प्रस्थ. बाकीच्या पशुपक्ष्यांना त्यांच्या एका वेळच्या खाण्याच्या अंदाजाने द्यावे, असेही पुढे आहे.

प्रस्थ म्हणजे काय, असे कुणी विचारील. चार प्रस्थांचा एक आढक, चार आढकांचा एक द्रोण, असे ते कोष्टक होते. चार शेरांची पायली मोजत वाढलेल्या माणसाला ते परके वाटणार नाही. प्रस्थाला आपला शेर समजलात, तर अर्धा प्रस्थ म्हणजे मापटे. शेराचे वजन आणि प्रस्थाचे वजन एक नव्हे, पण मोजण्याची तऱ्हा एकच. माझ्या मते यातली महत्त्वाची गोष्ट माप ही नाहीच. राजाच्या कोठारातून पाखरांना जे द्यायचे ते खर्चाच्या वहीत मांडलेले आहे. उरलेसुरले झाडून टाकायचा तो प्रकार नाही. हे हंस, मोर राजवाड्यातले होते, रानातले नव्हते, हे खरे. तरी ज्या कोठारातून सेनापतीचा शिधा निघतो त्यातूनच त्यांचा निघतो.

त्याच प्रकरणात साठवणीचे दोन नियम आहेत. पहिला असा, की जमा होईल त्यातले अर्धे प्रजेच्या संकटकाळासाठी राखून ठेवावे, अर्धे वापरावे, आणि नवे आले की त्याने जुने बदलून घ्यावे. दुसरा जागेचा: धान्य उंचावर ठेवावे, तेल-तूप मातीच्या नाही तर लाकडाच्या भांड्यात, आणि मीठ जमिनीवर. दोन हजार वर्षांपूर्वीची ही दोन वाक्ये धान्याच्या गोदामाच्या दारावर आजही लिहून ठेवण्याजोगी आहेत. जुने आधी काढा. दाणा उंचावर ठेवा.

याहून जुना पुरावा आपल्याच मातीत सापडला आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी, सांकळिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी, उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. सातू हे त्यांचे मुख्य धान्य. घराघरांतून धान्याच्या कणग्या ठेवण्यासाठी केलेले मातीचे गोल ओटे निघाले, आणि जमिनीत खणलेली, चुन्याने लिंपलेली पेवेही निघाली. गावच्या मुख्याच्या म्हणून ओळखलेल्या घराजवळ तर साऱ्या गावाचे म्हणावे असे कोठार होते. म्हणजे कणगी आणि पेव ही जोडी मराठी मुलखात तीन हजार वर्षांची आहे. राजे बदलले, भाषा बदलली, धर्म आले-गेले. ओट्यावरची कणगी मात्र आमच्या आजीच्या घरापर्यंत तशीच चालत आली.

आता देवगावहून पूर्वेकडे या. वेरूळ ओलांडले की देवगिरीचा डोंगर दिसू लागतो. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक येऊन थडकला तेव्हा रामदेवराव यादवाच्या सैन्याचा मोठा भाग युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होता. राजाने किल्ल्याचा आसरा घेतला. किल्ला असा, की तो लढून घेणे जवळजवळ अशक्य. पण आत दाणा हवा ना! कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती पायथ्याशी पडली होती. ती धान्याची समजून घाईघाईने वर चढवली. वेढा पडल्यावर उघडून पाहतात तो आत मीठ. शेवटी राजाला तह करावा लागला. ही हकीकत फेरिश्त्याने लिहिली आहे, तीही त्या घटनेनंतर तीनशे वर्षांनी, विजापूरच्या दरबारात बसून. तेव्हा ती अक्षरशः खरी धरावी असा माझा आग्रह नाही. पण लोकांनी ती सातशे वर्षे विसरली नाही, याला कारण आहे. पोते बाहेरून सारखेच दिसते. आत काय आहे ते हात घातल्याशिवाय कळत नाही. कौटिल्याने ज्याला जमिनीवर ठेवायला सांगितले ते उंचावर गेले, आणि उंचावर ठेवायचे ते खालीच राहिले.

किल्ल्यांवरच्या कोठारांची गोष्ट निघाली की पन्हाळ्याच्या अंबरखान्याचे नाव निघायचेच. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावे असलेली तिथली दगडी कोठारे आजही उभी आहेत. जाड भिंती, आणि धान्य वरून ओतायची सोय. शिवाजी महाराजांचे एक पत्रही सर्वांच्या ऐकण्यातले आहे, चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना पाठवलेले. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा-वैरण बेतबाताने वापरा, आत्ताच उडवलात तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि मग तुम्ही रयतेच्या दारात जाल, असा त्याचा आशय. आणि त्यात उंदराचा उल्लेख आहे. दिवा तसाच ठेवलात तर उंदीर जळती वात नेईल आणि गवताला आग लागेल, अशी ताकीद आहे. ज्याला साठवणीतला उंदीर ठाऊक आहे त्यालाच हे सुचते!

मोठ्यांची कोठारे झाली. आता आपल्या घरातली पाहू, कारण पाखरांचा दाणा खरा तिथेच होता.

कणगी तुरकाठ्यांची नाही तर बांबूच्या कामट्यांची विणत, आतून-बाहेरून शेणमातीने सारवत. खाली दगड किंवा ओटा, वर सारवलेले झाकण. हे शेणमातीचे सारवण दिसते गावंढळ, पण ते थोडीशी ओल पिऊन घेते आणि हवा कोरडी झाली की सोडून देते. पत्र्याला हे जमत नाही. पत्र्याच्या कोठीत गरम दाणा भरला आणि रात्री थंडी पडली, की आतल्या अंगाला दव धरते, वरचा थर भिजतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. म्हणून उन्हात वाळवलेले धान्य सावलीत निववून मगच कोठीत भरावे, असे जाणत्या बायका सांगत. वाड्यांतून बळदे असत, भिंतीला भिंत जोडून केलेली बंद खोली, वरून भरायची आणि खालच्या भोकातून काढायची. पाहा, यात जुने आधी बाहेर येते आणि नवे मागून. कौटिल्याचा नियम कुणी न शिकवता गवंड्याने भिंतीत बांधून ठेवला होता.

पेवाची करामत याहून मोठी. पांढऱ्या, घट्ट, कोरड्या जमिनीत घागरीच्या आकाराचा खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठे. आत जाळ करून तो भाजून घ्यायचा, तळाला आणि कडेला कडबा, तूस लावायचे, ज्वारी ओतायची, तोंड दगडाने आणि मातीने बंद करायचे. आत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू दाणा आणि किडे मिळून संपवतात. उरतो तो जड, विषारी वायू. किडे त्यातच गुदमरून मरतात. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, आधी कंदील सोडून पाहत; कंदील विझला तर माणूसही विझणार. हे न पाळल्याने माणसे दगावली आहेत. सांगलीजवळ हरिपूरला अशाच पेवांतून हळद वर्षानुवर्षे ठेवीत. २००५ च्या महापुराने त्यांतली पुष्कळ बाधली. 'अमक्याचे पेव फुटले' असे आपण सहज बोलतो, ते शब्द या खड्ड्याच्या तोंडातून आलेले आहेत. आणि गंमत अशी, की अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९८७ नंतर आफ्रिकेतल्या चवळीसाठी ज्या तीन पदरी हवाबंद पिशव्या काढल्या, त्यांचे तत्त्व हेच आहे. पेव पिशवीत आले, इतकेच.

एक गोष्ट मात्र पेवात ठेवीत नसत, ती म्हणजे बियाणे. पेवातला दाणा खाण्याला चालतो, पण त्याची उगवण कमी होते आणि त्याला एक आंबूस वासही येतो. म्हणून बियाण्याची कणसे चुलीवरच्या आढ्याला धुरात टांगत, किंवा दाणे राखेत घोळून भोपळ्यात नाही तर गाडग्यात भरत. चिमण्यांची जुडी याच कणसांतून निघे. म्हणजे वर्षाच्या पिकातले जे सर्वांत भरदार, सर्वांत कोरडे, सर्वांत जपून ठेवलेले, त्यातला वाटा पाखरांना. शेतात पीक उभे असताना हाच मनुष्य माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरे हाकलीत असे, आणि हुरड्याच्या दिवसांत त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धारही करीत असे! उभ्या पिकावर पाखरू चोर, आणि ओसरीवर आले की पाहुणा. यात विसंगती आहे असे त्याला कधी वाटले नाही, मलाही वाटत नाही.

राळ्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भोगीला राळ्याचा भात करणारी घरे अजून आहेत. हा बारीक पिवळा दाणा चीनच्या उत्तर भागात आठ हजार वर्षांपूर्वी पिकत होता. आपल्याकडून त्याचे पेरे हटले. पण शहरात पिंजऱ्यातल्या परदेशी पाखरांसाठी जी पिवळी कणसे दुकानात मिळतात ती राळ्याचीच. ही छोटी रंगीत पाखरे मूळची ऑस्ट्रेलियाच्या गवताळ रानातली; जॉन गूल्ड नावाच्या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली ती जिवंत इंग्लंडला नेली, आणि तिथून घरोघर पिंजरे झाले. (आपला रानातला पोपट पिंजऱ्यात घालणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.) पिंजऱ्यातले पाखरू स्वतः दाणा शोधू शकत नाही. तेव्हापासून पाखरांचा दाणा हा बाजारात विकण्याचा माल झाला.

त्या मालात आपला महाराष्ट्रही आहे. नाशिककडे इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरउतारांवर पावसाळा सरताना पिवळी फुले दिसतात ती कारळ्याची, कुणी खुरासणी म्हणतात. त्याची चटणी आपल्याला ठाऊक आहे. इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्राने त्याचे सुधारित वाणही काढले आहेत. हेच कारळे भारतातून अमेरिकेला जाते, आणि ते तिथे माणसे खात नाहीत. परसात नळ्या टांगून गोल्डफिंच नावाच्या पिवळ्या पाखरांना घालतात. पण तिथल्या सरकारला भीती अमरवेलीची. कारळ्यात अमरवेलीचे बी मिसळलेले असते, ते तिथे रुजले तर शेती धोक्यात. म्हणून कारळे १२० अंश सेल्सियसला पंधरा मिनिटे तापवूनच आत घेतात. कारळ्यात तेल शेकडा ३५-४० पर्यंत. जुने झाले की तेल खवट होते आणि पाखरू चोच लावून निघून जाते. पेठचा शेतकरी पिकवतो, अमेरिकेतली बाई विकत घेते, आणि शेवटचा निकाल एक तोळाभर वजनाचे पाखरू देते.

आपल्या चिमणीला असा निवाडा नेहमी करता येत नाही, आणि इथे मी सुरुवातीला सांगितलेल्या पुण्याकडे वळतो.

गेल्या साठ वर्षांत आपली साठवण मोडली. १९६४ पासून संकरित ज्वारी आली. पीक भरपूर, पण खरिपाचे कणीस पावसात सापडले की दाणा काळा पडे. १९७२ च्या दुष्काळात बाहेरून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्लेली माणसे अजून आहेत. मग कापूस वाढला, मका वाढला, धान्य विकत आणायचे झाले. कणग्या फुटल्या, बळदे मोडली, पेवे बुजली. धान्य गोणीत आले आणि गोणी सिमेंटच्या फरशीवर टेकली. फरशीची ओल गोणीत चढते. किडे झाले की गोळ्या, पावडर. बोरिक पावडर चोळलेले धान्य आपण निवडतो, पाखडतो, दोनदा धुतो, मग शिजवतो. पाखरू धुवत नाही. हे एक वाक्य ध्यानात ठेवले तरी हे भाषण वाचल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

बुरशीचे तर त्याहून वाईट. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की कोंबड्या काही महिन्यांत मेल्या. कारण कळेना, म्हणून रोगाला नाव दिले 'क्ष'. शोध घेता घेता पत्ता लागला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीचा. तिच्यावर वाढलेल्या बुरशीचे विष होते. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. म्हणजे हे विष जगाला माहीत करून दिले ते पाखरांनी, जीव देऊन. पुढे १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात पावसाने भिजलेला मका आदिवासींनी खाल्ला. शंभरावर माणसे यकृत निकामी होऊन गेली, त्यांच्या घरची कुत्रीही गेली. १९९५ मध्ये आपल्या दख्खनच्या पठारावर, कर्नाटक-आंध्रच्या खेड्यांतून, अवकाळी पावसात सापडलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. तेव्हाचे विष दुसऱ्या बुरशीचे, पण धडा तोच. हे विष उन्हात जात नाही, शिजवून जात नाही. जिथे पुरुषभर उंचीचा माणूस टिकत नाही तिथे मुठीत मावणारी चिमणी काय टिकणार? ती मरते तीही आपल्या अंगणात नव्हे, कुठे तरी झुडपात. म्हणून आपल्याला कळत नाही आणि पुण्य तसेच जमेला राहते.

आणखी एक. पेरणी झाल्यावर पिशवीत उरलेले तांबडे-निळे रंगवलेले बियाणे कधीही पाखरांपुढे टाकू नका. तो रंग इशाऱ्याचा आहे. बियाण्याला औषध चोळलेले असते. देवगावच्या नावात रंगारी आहे, तेव्हा रंग म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगावे! इंग्लंडात असे औषध लावलेले बी खाऊन १९६० च्या सुमारास हजारो पक्षी मेले, आणि १९६१ मध्ये वसंतातल्या पेरणीसाठी ती औषधे वापरू नयेत असे ठरवावे लागले. आपल्याकडे शेतात मोर मेल्याच्या बातम्या येतात तेव्हा पुष्कळदा हेच कारण असते. उरलेले बी खोल पुरावे.

आता ठेवावे कसे, ते सांगतो. गुरुजींनी हे शाळेत मुलांकडून करवून घ्यावे, फारसा खर्च नाही.

दाणा आपण खातो तोच घ्या, बाजरी, ज्वारी, राळा, कणी. बाजरी अख्खी ठेवा. बाजरीत तेलाचा अंश जास्त, म्हणून पीठ आठ-दहा दिवसांत कडू पडते हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. भरडलेल्या बाजरीचीही तीच गत. अख्खा दाणा मात्र कोरडा असला तर महिनेच्या महिने चांगला राहतो. कोरडा म्हणजे किती? ओल शेकडा १२ च्या आत. दाताखाली कट्कन फुटला पाहिजे, चेपता कामा नये. याहून चांगली परीक्षा मिठाची आहे. स्वच्छ कोरडी काचेची बाटली घ्या, तिच्यात पाव भाग दाणा आणि त्यावर चिमूटभर चांगले वाळवलेले बारीक मीठ घाला, बूच लावून मिनिटभर हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटले तर दाण्यात ओल आहे, पुन्हा उन्हात घाला. नाही चिकटले तर ठेवायला हरकत नाही. देवगिरीची गोष्ट सांगून झाल्यावर हा प्रयोग वर्गात केला तर मुले मीठ आणि दाणा जन्मात विसरणार नाहीत.

बियाण्याच्या शास्त्रात एक ढोबळ नियम सांगतात, की ओल एक टक्का कमी केली की दाण्याचे आयुष्य दुप्पट, आणि उष्णता पाच अंशांनी कमी केली की पुन्हा दुप्पट. तेव्हा डबा चुलीजवळ किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. घराच्या गार कोपऱ्यात, विटेवर किंवा फळीवर ठेवा, भिंतीपासून चार बोटे दूर. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून. ओला पाला घालणे म्हणजे किड्यांना हाकलून बुरशीला बोलावणे. कडुनिंबाच्या निंबोळीतले जे मुख्य द्रव्य किड्यांची वाढ थांबवते ते १९६८ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळे काढले. आपल्या आज्या ते त्याआधीपासून वापरत होत्या, फक्त नाव माहीत नव्हते. पाखरांच्या दाण्यात गोळी, पावडर, एरंडेल काहीही घालायचे नाही. किडे झालेच तर पातळ पसरून उन्हात द्या, चाळा, पुन्हा निववून भरा. चार किडे राहिले तर चिमणी तक्रार करणार नाही. तिची पिल्ले दाण्यावर नव्हे, किड्यांवरच वाढतात. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिवस पाळला जातो. त्या दिवशी नुसता दाणा मांडून भागत नाही, हेही मुलांना सांगावे: परसात एखादे झुडूप फवारणीशिवाय राहू द्या. मात्र गुठळी झालेला, कुबट वासाचा, हिरवट-काळपट डाग पडलेला दाणा दिसला तर निवडत बसू नका. सगळा पुरा.

एका वेळी महिन्या-दीड महिन्याला पुरेल इतकाच दाणा भरा. नवा दाणा जुन्यावर ओतू नका. तळातला तसाच राहतो आणि सगळा डबा नासवतो. डबा दोन ठेवा. एक संपला की तो धुऊन, कडक उन्हात उलटा टाकून, मग भरा. तोवर दुसरा चालू. डब्यावर खडूने भरल्याची तारीख घाला, हे काम चौथीतल्या मुलांना फार आवडते. अंगणातल्या परळात सकाळी मूठभरच टाका, दुपारपर्यंत संपेल इतके. पावसाळ्यात छपराखाली टाका आणि संध्याकाळी परळ कोरडे पुसून पालथे घाला. रात्रभर भिजलेला दाणा सकाळी आंबतो. शेजारी पाण्याचे पसरट भांडे हवे, रोज बदललेले. आणि मृग लागण्याआधी, साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यात, दोन्ही डबे एकदा रिकामे करून उरलेला दाणा उन्हात पसरा. तो खायला पाखरे येतीलच. त्या दिवशी त्यांना हाकलू नका.